विश्लेषण : दवाखाना तपासतो कोण? आर्वी प्रकरणानंतरही कायम राहिलेला प्रश्न

जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे तालुक्याचे गाव देशभरातील बातम्यांत आले. तेथील एका खासगी रुग्णालयाच्या आवारातील बायोगॅसच्या टाकीतून पोलिसांनी कवट्या आणि हाडे बाहेर काढली. हे रुग्णालय आडरानात नव्हते, वस्तीत होते. लोक तेथे रोज उपचारांसाठी येत-जात होते. त्यामुळे पहिला प्रश्न साहजिकच होता : या रुग्णालयाची तपासणी कधी, कोणी करत होते का? आणि तो केवळ एका रुग्णालयापुरता नाही. आपण ताप आल्यावर ज्या दवाखान्यात जातो, तेथील सुई, सलाईन, कचरा, नोंदवही आणि डॉक्टरची पदवी पाहण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे, याचे उत्तर बहुतेक रुग्णांना माहीत नसते.

आर्वीत नेमके काय घडले होते?

प्रकरणाची सुरुवात एका तक्रारीने झाली. १३ वर्षांच्या मुलीचा बेकायदा गर्भपात केल्याचा गुन्हा आर्वी पोलिसांनी जानेवारी २०२२ मध्ये नोंदवला. त्याच्या तपासात पोलीस कदम रुग्णालयात पोहोचले. रुग्णालयाच्या आवारातील बायोगॅसच्या टाकीची पाहणी केली तेव्हा त्यात ११ कवट्या आणि ५४ हाडे आढळल्याचे पोलिसांनी सांगितले. हे अवशेष न्यायवैद्यक तपासणीसाठी पाठवण्यात आले. रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिकेला अटक झाली. कोणाचा दोष किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे.

मात्र घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. टाकीचे झाकण आरोग्य विभागाच्या नियमित तपासणीत उघडले गेले नाही. ते पोलीस तपासात उघडले, आणि तो तपास एका तक्रारीमुळे सुरू झाला. ती तक्रार झालीच नसती तर काय, हा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

असा प्रकार राज्यात पहिलाच होता का?

नाही. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. तेथे दवाखाना चालवणारा डॉक्टर होमिओपॅथीचा होता. त्या प्रकरणातही धागा मिळाला तो एका विवाहितेच्या मृत्यूनंतर. तेथेही आधी जीव गेला, मग चौकशी झाली आणि मग यंत्रणा पोहोचली. प्रत्येक मोठ्या प्रकरणानंतर काही आठवडे धडक तपासणी होते, काही केंद्रांना टाळे लागते आणि पुन्हा सारे थंडावते, हा राज्याचा अनुभव आहे.

खासगी रुग्णालयांची तपासणी कोणत्या कायद्याने होते?

महाराष्ट्रात यासाठीचा मुख्य कायदा १९४९ चा आहे. आधीचे नाव मुंबई, आताचे नाव महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा. रुग्णाला दाखल करून घेणारे खासगी रुग्णालय, प्रसूतिगृह वा नर्सिंग होम असेल तर त्याची नोंदणी या कायद्याखाली बंधनकारक आहे. ही नोंदणी तीन वर्षांसाठी असते आणि नंतर नूतनीकरण करावे लागते. महानगरपालिका असलेल्या शहरात हे काम पालिकेचा आरोग्य विभाग करतो. वर्धा जिल्ह्यात महानगरपालिका नाही. त्यामुळे येथे ही जबाबदारी जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयांवर येते.

या कायद्याखालच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये मोठी सुधारणा झाली. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे, दरपत्रक लावणे, खाटांच्या प्रमाणात परिचारिका आणि डॉक्टर असणे, तक्रार निवारणाची सोय आणि त्यासाठी टोल फ्री क्रमांक असणे, अशा गोष्टी त्यात आल्या. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट करण्यात आले.

तपासणीचा अधिकारही कायद्यात आहे. अधिकारी वाजवी वेळी जागेत जाऊन पाहणी करू शकतो. नोंदणी नसलेली जागा शुश्रूषागृह म्हणून वापरली जात असल्याचा संशय असेल तर तेथेही जाऊ शकतो. पण १९४९ च्या मूळ कायद्यात याला एक मर्यादा घालून दिलेली आहे. या अधिकाराखाली अधिकाऱ्याला रुग्णाची वैद्यकीय कागदपत्रे पाहता येत नाहीत. रुग्णाची गोपनीयता राखणे, हा त्यामागचा हेतू. व्यवहारात त्याचा परिणाम असा होतो, की तपासणी खाटा, खोल्या, परिचारिका आणि प्रमाणपत्रे मोजण्यापुरती राहते. त्या खाटेवरच्या रुग्णावर उपचार कसे झाले, हा प्रश्न त्या तपासणीच्या कक्षेत येतच नाही.

मग खाट नसलेल्या दवाखान्याचे काय?

खरी मेख येथे आहे. गावातला, चौकातला, एसटी स्टँडजवळचा साधा दवाखाना रुग्णाला दाखल करून घेत नाही. तो शुश्रूषागृहाच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे १९४९ च्या कायद्याखाली त्याला नोंदणी लागत नाही आणि तपासणीही होत नाही. डॉक्टरची स्वतःची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते, पण ती व्यक्तीची नोंदणी आहे, जागेची नाही.

एका उदाहरणाने हे लक्षात येईल. समजा, आर्वी किंवा हिंगणघाटच्या बाजारात एका ओळीत तीन गाळे आहेत. पहिल्यात नाश्त्याचे हॉटेल. त्याला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. दुसऱ्यात मेडिकल. त्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि औषध निरीक्षकाने वर्षातून किमान एकदा त्याची तपासणी करावी, असे औषध नियमांत लिहिलेले आहे. तिसऱ्यात दवाखाना. तेथे रोज इंजेक्शने दिली जातात, जखमा शिवल्या जातात, टेबलावर अर्धा तास निजवून सलाईन लावले जाते. या तिसऱ्या गाळ्यात रुग्णसुरक्षेची तपासणी करण्यासाठी ठरावीक मुदतीने कोणी यावे, अशी तरतूद राज्याच्या कोणत्याही आरोग्य कायद्यात नाही.

डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला पुडीत बांधून गोळ्या देतो, त्यासाठीही त्याला औषध विक्रीचा परवाना लागत नाही. नोंदणीकृत डॉक्टरने खुले दुकान न मांडता स्वतःच्या रुग्णाला औषध दिले तर औषध नियमांच्या अनुसूची ‘के’ने त्याला सूट दिली आहे. खेड्यापाड्यात ही सूट गरजेची आहे, कारण तेथे मेडिकल असतेच असे नाही. पण त्यामुळे त्या कपाटातील औषधांच्या मुदतीवर एरवी असणारी औषध निरीक्षकाची नजरही उरत नाही.

केंद्राचा कायदा याला लागू होत नाही का?

संसदेने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला. मोठ्या रुग्णालयापासून एका डॉक्टरच्या दवाखान्यापर्यंत आणि प्रयोगशाळेपर्यंत सर्वांची नोंदणी आणि किमान दर्जा, असा त्याचा आवाका आहे. मात्र आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने राज्याने तो स्वीकारला तरच लागू होतो. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, झारखंड अशा राज्यांनी तो स्वीकारला. महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याचा स्वतःचा कायदा करण्यासाठी २०१४ मध्ये मसुदा तयार झाला, पण तो कायद्यापर्यंत पोहोचला नाही. शेजारच्या कर्नाटकात २००७ पासून खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा असून त्यात साध्या दवाखान्यांचीही नोंदणी होते.

म्हणजे साध्या दवाखान्यावर कोणाचीच नजर नाही?

अगदीच तसे नाही. नजर आहे, पण तुकड्यातुकड्यांची आहे.

डॉक्टरची पदवी आणि वर्तन : एमबीबीएस व त्यापुढील डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, आयुर्वेद व युनानीसाठी महाराष्ट्र भारतीय चिकित्सा परिषद, होमिओपॅथीसाठी स्वतंत्र परिषद. वैद्यकीय परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. परिषद तक्रारीवर सुनावणी घेते, नोंदणी निलंबित करते. पण ती दवाखान्यात जाऊन नियमित तपासणी करणारी यंत्रणा नाही.

बोगस डॉक्टर : पदवी-नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यावर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा, १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा दाखल होतो. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन ते पाच वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. त्यासाठी जिल्हा आणि तालुका पातळीवर शोध समित्या असतात.

कचरा : जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रत्येक दवाखान्याला लागू आहेत, मग तेथे खाट असो वा नसो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. पण खाट नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच घ्यावे लागते, त्याचे नूतनीकरण नसते.

सोनोग्राफी : गर्भलिंगनिदान प्रतिबंधक म्हणजेच पीसीपीएनडीटी कायदा, १९९४ खाली केंद्राची नोंदणी लागते. सर्वांत स्पष्ट मुदत याच नियमांत आहे : प्रत्येक नोंदणीकृत केंद्राची दर ९० दिवसांनी तपासणी करायची आणि तिचा अहवाल पुरावा म्हणून जपून ठेवायचा.

गर्भपात : १९७१ च्या एमटीपी कायद्याखाली खासगी जागेला जिल्हास्तरीय समितीची मान्यता लागते. मान्यतेचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. जागेची पाहणी करण्याचा अधिकार जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला असतो.

आग : राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला, तेव्हा हा विषय ऐरणीवर आला होता.

म्हणजे एकाच इमारतीत सहा वेगवेगळी कार्यालये सहा वेगवेगळ्या फाइल घेऊन येऊ शकतात. प्रत्येकाच्या फाइलला स्वतःचा विषय आहे. रुग्ण सुरक्षित आहे का, हा एकत्रित प्रश्न मात्र कोणाच्याच फाइलवर नाही.

तुकड्यातुकड्यांच्या तपासणीने काय निसटते?

ताळा निसटतो. जमाखर्चाच्या वहीत दोन बाजू जुळल्या नाहीत की चूक सापडते, तसे येथेही करता येणे शक्य आहे.

कायद्यानुसार गर्भपात केंद्राने दर महिन्याला किती गर्भपात केले याचे विवरण जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. सोनोग्राफी केंद्राने महिन्याभरातील गर्भवतींच्या तपासण्यांचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवायचा असतो. आणि २०१६ च्या कचरा नियमांनुसार गर्भपातानंतरचे अवशेष पिवळ्या पिशवीत घालून, बारकोड लावून सामायिक प्रक्रिया केंद्राकडेच द्यायचे असतात. ७५ किलोमीटरच्या आत असे केंद्र उपलब्ध असेल तर रुग्णालयाला स्वतःच्या आवारात विल्हेवाटीची सोय उभारता येत नाही.

म्हणजे एकाच कामाची नोंद तीन ठिकाणी व्हायला हवी : केंद्राच्या विवरणात, सोनोग्राफीच्या अर्जात आणि पिवळ्या पिशवीच्या बारकोडवर. पहिल्या दोन नोंदी आरोग्य यंत्रणेकडे जातात, तिसरी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कक्षेत राहते. नोंदणीकृत केंद्राच्या विवरणात महिन्याला वीस गर्भपात आणि पिवळ्या पिशव्या जवळपास शून्य, किंवा उलट पिशव्या भरपूर आणि विवरण कोरे, असे दिसले तर त्या केंद्रात कोणीतरी लगेच जायला हवे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन कार्यालयांतील आकडे एका तक्त्यात आणावे लागतात.

या ताळ्यालाही मर्यादा आहे. जो चोरून काम करतो, तो कोणत्याच वहीत नोंद करत नाही. पण चालू रुग्णालयाला नोंदी पूर्णपणे लपवणे कठीण असते. औषधांची खरेदी, कचऱ्याचे वजन, ऑपरेशन थिएटरची नोंदवही, कोठेतरी आकडा चुकतोच. तो चुकलेला आकडा पाहणारा माणूस मात्र नेमलेला हवा.

साध्या ओपीडीत असा काय मोठा धोका असतो?

धोका सुईत असतो. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेकांचा मृत्यू झाला. दवाखान्यांत सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्याचे त्याच्या चौकशीतून पुढे आले. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ भागात, २०१८ मध्ये अनेक गावकरी एचआयव्हीबाधित आढळले, तेव्हा एकच सुई वापरून स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्या एका भोंदू डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. ही मोठी रुग्णालये नव्हती. फिरत्या किंवा छोट्या दवाखान्यांतच हे घडले.

दुसरा धोका असतो तयारी नसण्याचा. इंजेक्शननंतर काही मिनिटांत तीव्र ॲलर्जी येऊ शकते. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते. ते कपाटात आहे का, त्याची मुदत संपली आहे का, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, या तीन गोष्टींवर जीव अवलंबून असतो. टाके घालण्याची अवजारे नुसती उकळलेली आहेत की ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेली, हे रुग्णाला दिसत नाही. लसीचा फ्रीज २ ते ८ अंशांत राहतो का, की रात्रीच्या भारनियमनात तापतो, हेही दिसत नाही. रुग्णाला जे दिसत नाही ते कोणीतरी त्याच्या वतीने पाहावे, एवढाच तपासणीचा अर्थ आहे.

इतर देशांत हे काम कसे चालते?

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची यंत्रणा आहे. रुग्णालयांबरोबरच तेथील जनरल प्रॅक्टिशनरचे दवाखानेही एप्रिल २०१३ पासून तिच्या नोंदणीखाली आले. तपासणीत पाच प्रश्न विचारले जातात : सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, रुग्णाशी आपुलकीने वागले जाते का, रुग्णाच्या गरजेनुसार ती मिळते का आणि कारभार नीट चालतो का. त्यावरून उत्कृष्ट, चांगले, सुधारणा हवी आणि अपुरे अशा चारपैकी एक श्रेणी मिळते. अहवाल संकेतस्थळावर टाकला जातो आणि श्रेणी दवाखान्यात लावावी लागते. या यंत्रणेवरही तेथे टीका होते, तपासण्या रखडतात. तरी रुग्णाला दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधी अहवाल वाचता येतो. आपल्याकडे तपासणी झाली तरी तिचा अहवाल रुग्णापर्यंत येत नाही.

डॉक्टरांचा विरोध कशासाठी?

डॉक्टरांच्या संघटनांचे आक्षेप बिनबुडाचे नाहीत. मोठ्या शहरातील कॉर्पोरेट रुग्णालयाचे निकष तालुक्याच्या एकट्या डॉक्टरवर लादले तर तो दवाखाना बंद करील आणि रुग्ण थेट भोंदूकडे जाईल, असे ते सांगतात. तपासणी म्हणजे चिरीमिरी, हा अनुभवही बोलून दाखवला जातो. नोंदणीकृत डॉक्टरच्या अर्जातील रकाना चुकला तर खटला आणि पदवी नसलेला मात्र मोकळा, ही तक्रारही जुनीच आहे.

यात आणखी एक बाजू आहे. गर्भपात कायदेशीर आहे. गर्भलिंगनिदान बेकायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका आणि ठरावीक गटातील महिलांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणेही बंधनकारक आहे. मात्र मुलीने किंवा पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले. धडक कारवाईच्या भीतीने डॉक्टरांनी कायदेशीर गर्भपातही नाकारले, तर अडलेली मुलगी पुन्हा चोरवाटेलाच लागते. म्हणून तपासणी जशी नियमित हवी, तशीच ती महिलेची गोपनीयता सांभाळणारीही हवी. गर्भपाताची नोंदवही कायद्यानेच गोपनीय ठरवली आहे.

रुग्ण स्वतः काय पाहू शकतो?

दवाखान्यात बसल्या बसल्या काही गोष्टी तपासता येतात :

० डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहिलेला हवा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने २०२५ मध्ये ‘नो युवर डॉक्टर’ ही क्यूआर कोडची सोय आणली. कोड लावलेला असेल तर मोबाइलने स्कॅन करून नोंदणी चालू आहे की नाही ते पाहता येते.

० सिरिंज आणि सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली जाते का, आणि वापरानंतर सुई कापून किंवा नष्ट करून टाकली जाते का, ते पाहा. न दिसल्यास विचारा.

० पिवळी, लाल, निळी आणि टोकदार वस्तूंसाठी पांढरी, अशी कचऱ्याची वेगवेगळी पात्रे असायला हवीत. सारे एकाच बादलीत जात असेल तर ती धोक्याची खूण आहे.

० दाखल करून घेणारे रुग्णालय असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर हवी. प्रमाणपत्रावरील मुदतही वाचा.

० सोनोग्राफी किंवा गर्भपाताची सोय असेल तर त्याचे वेगळे प्रमाणपत्र लावलेले हवे.

० दाखल रुग्णाची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

तक्रार कोठे करायची?

विषय पाहून दार निवडावे लागते. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो.

नर्सिंग होमची नोंदणी, दर, मृतदेह अडवणे, सोनोग्राफी किंवा गर्भपात केंद्राबद्दल तक्रार असेल तर जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालय. ग्रामीण भागातील रुग्णालय असेल तर जिल्हा परिषदेतील जिल्हा आरोग्य अधिकारी. बोगस डॉक्टरचा संशय असेल तर तालुका आरोग्य अधिकारी किंवा पोलीस ठाणे. कचरा उघड्यावर, नाल्यात किंवा आवारात पुरला जात असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. औषधांची मुदत किंवा विना परवाना विक्री असेल तर अन्न व औषध प्रशासन. डॉक्टरच्या निष्काळजीपणाबद्दल वैद्यकीय परिषद. भरपाई हवी असेल तर वर्ध्यातील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तेथे घटनेपासून दोन वर्षांत जावे लागते. आरोग्यविषयक माहिती व तक्रारीसाठी १०४ हा टोल फ्री क्रमांकही आहे.

तपासणी झाली की नाही, हेही विचारता येते. माहिती अधिकारात जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालयाकडे तीन साधे प्रश्न पाठवा : आमच्या तालुक्यात नोंदणीकृत नर्सिंग होम, सोनोग्राफी व गर्भपात केंद्रे किती, गेल्या वर्षभरात प्रत्येकाची तपासणी कोणत्या तारखांना झाली, त्यात त्रुटी किती आढळल्या आणि त्यांचे पुढे काय झाले. यात कोणाही रुग्णाचे नाव येत नाही, त्यामुळे गोपनीयतेचे कारण सांगून ही माहिती नाकारता येऊ नये. सोनोग्राफी केंद्रांसाठी तर ९० दिवसांची मुदत नियमातच आहे. वर्षाला प्रत्येक केंद्रामागे चार तारखा मिळायला हव्यात.

पुढे काय व्हायला हवे?

वर्धा जिल्हा आरोग्यसेवेच्या बाबतीत मागास नाही. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी मेघेला दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, आर्वी आणि हिंगणघाटला उपजिल्हा रुग्णालये आहेत. संसर्ग नियंत्रण, निर्जंतुकीकरण आणि रुग्णसुरक्षा शिकवणारी माणसे जिल्ह्यातच आहेत. साध्या दवाखान्यांसाठी एक पानी तपासणी यादी करून, वर्षातून एकदा भेट देऊन, पहिल्या वेळी दंडाऐवजी सुधारणेची मुदत देऊन हे काम सुरू करता येईल. डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेला सोबत घेतले तर त्याला छाप्याचे स्वरूपही येणार नाही. कायमस्वरूपी उपाय मात्र कायद्यानेच होईल. दवाखान्याच्या जागेची नोंदणी बंधनकारक करणारा, छोट्या दवाखान्याला झेपतील असे निकष ठेवणारा आणि तपासणीचा अहवाल लोकांसाठी खुला करणारा कायदा राज्याला करावा लागेल.

तोपर्यंत तक्रार हीच तपासणी, अशी स्थिती राहणार आहे. आर्वीत १३ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला जे आले, त्याची वाच्यता झाली म्हणून टाकीचे झाकण उघडले. एखाद्या कुटुंबाने बदनामीचे आणि दडपणाचे ओझे उचलून पोलीस ठाण्याची पायरी चढावी आणि मगच यंत्रणेने जागे व्हावे, हा क्रम उलटा आहे. तो सरळ करण्याची सुरुवात जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालयातील तपासणीच्या तारखा विचारण्यापासून होऊ शकते.